रांजणातली वर्षं

जानेवारीच्या नऊ तारखेला डेनिस सग्डनने बहिणीकडे रूबार्ब मागितला. त्याआधीचे अकरा दिवस चहा, दोन-चार चमचे सूप आणि चहात बुडवलेली बिस्किटं यांपलीकडे त्याच्या पोटात काही गेलं नव्हतं.

"दुकानातला नको," तो म्हणाला. "आपला. या वर्षी पाळी आहे त्याची. जा, झाकून ये."

एव्हरिल उशीचा अभ्रा बदलत होती. तिचे हात थांबले नाहीत, पण अभ्रा उलटा चढला.

"या थंडीत?"

"थंडीतच झाकतात. बहात्तर वर्षांची झालीस, अजून हे सांगायला लागतं?"

सकाळी येऊन गेलेल्या नर्सने दारातच तिला सांगितलं होतं की आता पथ्य-बिथ्य काही बघू नका, मागतील ते द्या. हिवाळा सरेपर्यंत हातात आहेत, पुढचं धरून चालू नका. एव्हरिलने मान डोलावली होती. चाळीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात काढलेल्या बाईला मागेल त्याला मागेल ते वाढणं नवं नव्हतं. पण डेनिसने नेमकं तेच मागितलं, जे देता येत नव्हतं.

इंग्लंडमध्ये वेकफील्डच्या कडेला असलेल्या त्यांच्या घरामागे कपडे वाळत घालायच्या दोरीचा एक खांब आहे आणि खांबाच्या पायाशी रूबार्बचा, म्हणजे साखर घालून शिजवायच्या आंबट लाल देठांचा, गड्डा. तो त्यांच्या वडिलांनी शेडमधून आणला. शेड म्हणजे रूबार्ब अंधारात वाढवायची लांबलचक, बुटकी, गरम केलेली खोली. वडील तिथे कामाला होते आणि पंधराव्या वर्षापासून डेनिसही. चव्वेचाळीस हिवाळे त्याने मेणबत्तीच्या उजेडात देठ ओढण्यात घालवले. शेडमध्ये गड्डे एकदाच कामाला येतात. अंधारात सगळी ताकद देठांत ओतून झाली की ते फेकून देतात. घरचा गड्डा मात्र फेकायचा नसतो. झाकला की त्यालाही अंधारात देठ लवकर आणि कोवळे येतात, पण तो दमतो, म्हणून वडिलांनी नियम घातला होता: एका हिवाळ्यात झाकायचा, मग दोन वर्षं हात लावायचा नाही. झाकायला बिनबुडाचा मातीचा रांजण होता, वर मुठीचं झाकण. ज्या वर्षी झाकायचं, त्या वर्षाचे दोन आकडे वडील खिळ्याने रांजणाच्या आतल्या बाजूला कोरत. पहिला आकडा अठ्ठावन्न. मग एकसष्ट, चौसष्ट. वडिलांच्या मागे डेनिसने कोरले. एकंदर बावीस आकडे, शेवटचा एकवीस. म्हणजे या वर्षी, चोविसात, पाळी होती यात वादच नव्हता.

फक्त एव्हरिलने मागच्या वर्षी तो झाकला होता.

मागच्या जानेवारीत डेनिस मागच्या पायरीवरून घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. तो नऊ आठवडे इस्पितळात होता. त्याला नेलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी एव्हरिलने रांजण बागेच्या कोपऱ्यातून लोटत लोटत खांबापर्यंत आणला आणि गड्ड्यावर ठेवला. का, ते तिला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. नको म्हणणारं घरात कोणी नव्हतं, एवढंच. आकडा तिने कोरला नाही. मार्चमध्ये देठ आले, हातभर लांब, आणि दोन आठवडे ती रोज संध्याकाळी ते शिजवून एकटीने खात होती. डेनिस घरी आला तेव्हा रांजण परत जागेवर होता. "रूबार्बला हात लावला नाहीस ना?" त्याने गाडीतून उतरता उतरता विचारलं होतं. "नाही," ती म्हणाली होती.

लागोपाठ दुसऱ्या हिवाळ्यात झाकला तर गड्डा मरणार, हे त्या भागात शाळकरी पोरही सांगेल. झाकायचा नाही म्हटलं तर कारण द्यावं लागणार. खरं कारण तिला भावाला सांगायचं नव्हतं. चोरून खाल्ल्याची लाज त्यात फारशी नव्हतीच. तू इस्पितळात कण्हत होतास आणि मी इथे सुखात होते, हे सांगावं लागलं असतं.

दहा तारखेला सकाळी तिने रांजण बाहेर काढला. डेनिसचा पलंग मागच्या खोलीत, खिडकीला लागून होता, त्यामुळे सगळं त्याच्या डोळ्यांसमोर करणं भाग होतं. गड्डा त्या दिवसांत जमिनीवर दिसत नाही; गेल्या वर्षीची कुजकी पानं आणि त्यांत लाल बोंडांसारखे चार-दोन कोंब, तेही वाकून पाहिलं तर. तिने गड्ड्यावर घोड्याच्या लिदीचं खत पसरलं आणि रांजण त्याच्या शेजारी, फूटभर डावीकडे, मोकळ्या मातीवर ठेवला. त्याच्याभोवतीही लीद रचली. झाकण लावलं. कंबर धरून उभी राहिली आणि खिडकीकडे पाहून हात केला. डेनिसने आतून अंगठा दाखवला.

गड्डा वाचला. आता फक्त सात आठवडे काढायचे होते.

ते सात आठवडे असे गेले: सकाळी सहाला उठून त्याला कुशीवर वळवायचं, ओली चादर काढायची, धुवायची, बाहेर दोरीवर टाकायची, गोठली की आत आणून रेडिएटरवर टाकायची. दहाला नर्स. मग सूप, ते तसंच परत. दुपारी पुन्हा चादर. एव्हरिल बाहेरच्या खोलीत सोफ्यावर झोपत होती, कारण वरच्या मजल्यावरून त्याची हाक ऐकू येत नसे. तिच्या बोटांच्या पेरांना भेगा पडल्या. एकदा ती भाजीवाल्याच्या दुकानात रांगेत उभ्या उभ्या झोपली आणि मागच्या माणसाने खांदा धरून जागं केलं.

त्यात डेनिसचं एक नवं खूळ सुरू झालं.

"वाजतोय का?" त्याने पहिल्याच आठवड्यात विचारलं.

शेडमध्ये हिवाळ्यात कोंब फुटायला लागले की अंधारात त्यांचा आवाज येतो, कळ्या तडकल्यासारखा. आयुष्यभर तो आवाज ऐकलेल्या माणसाने विचारलं यात नवल नव्हतं.

"इतक्यात कुठला वाजतोय?"

"कान लावून बघ ना. इथून ऐकू येत नाही मला."

म्हणून ती बाहेर गेली, लिदीत गुडघे टेकले आणि रिकाम्या रांजणाला कान लावला. मग आत येऊन म्हणाली, "अजून नाही." दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी पुन्हा. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात तिने ठरवून सांगितलं, "आज वाजला."

"कसा?"

"कसा म्हणजे? टक्."

"एकदाच?"

"दोनदा."

"हं," डेनिस म्हणाला आणि डोळे मिटले. "उद्या पुन्हा ऐक."

शेजारच्या ट्रेव्हर ओल्डरॉइडने तिला असं तीन-चारदा पाहिलं. तो साठीतला, रिकामटेकडा, आणि त्याच्या वरच्या खिडकीतून या दोघांची सगळी बाग दिसते. एका सकाळी तो भिंतीवर कोपर टेकून उभा राहिला.

"एव्हरिल, एक विचारू का?"

"नको."

"रांजण चुकीच्या जागी ठेवलायस गं. गड्डा त्या तिकडे आहे. मी दर उन्हाळ्यात बघतो की."

"हळू बोल."

"अगं, पण खाली काहीच नाहीये! आणि तू कान लावून बसतेस. मी बायकोला म्हटलं, एव्हरिलचं आता काही खरं नाही, भावाच्या आधी हिलाच—"

"ट्रेव्हर," ती उठत म्हणाली. उठायला तिला भिंतीचा आधार घ्यावा लागला. "तू आत येऊन डेनिसजवळ यातलं एक अक्षर जरी बोललास ना, तर तुझ्या मांजराला मी काय काय खायला घालते आणि ते इथे दिवसभर का पडून असतं, ते तुझ्या बायकोला सांगेन. डॉक्टरने त्याचं वजन उतरवायला सांगितलंय ना?"

ट्रेव्हरने भिंतीवरून कोपर काढलं. "मी काही बघितलं नाही."

"छान."

"पण गड्डा त्या तिकडे आहे," तो जाता जाता पुटपुटला.

फेब्रुवारी संपत आला. डेनिसचं मनगट आता तिच्या दोन बोटांत मावत होतं. नर्सने औषध वाढवलं, त्यामुळे तो दुपारचा बराच वेळ झोपू लागला. सत्तावीस तारखेला तो झोपल्यावर एव्हरिलने ट्रेव्हरला दोन तास घरात बसवलं आणि बसने ड्यूसबरीच्या बाजारात गेली. वेकफील्डचा बाजार जवळ होता. पण तिथे सग्डनच्या घरातली बाई रूबार्ब विकत घेताना कोणी पाहिली असती, तर संध्याकाळपर्यंत गावभर झालं असतं.

ड्यूसबरीला तिसऱ्याच टेबलावर रूबार्ब होता. गुलाबी, चकचकीत, अंगठ्याएवढे जाड देठ, टोकाला मुठीएवढं पिवळं पान. शेडचा माल. तिने स्कार्फ नाकापर्यंत ओढला आणि एक जुडी उचलली.

टेबलामागची लठ्ठ बाई तिच्याकडे टक लावून बघत होती.

"तुम्ही डेनिसची बहीण ना?"

"कोण डेनिस?"

"डेनिस सग्डन! अहो, माझा नवरा त्याच्या हाताखाली शिकला. तुम्ही शेडवर डबा घेऊन यायच्या, मी ओळखलं की नाही? आणि तुम्ही रूबार्ब विकत घेताय?" ती शेजारच्या टेबलाकडे वळली. "जॉइस, इकडे बघ! सग्डनकडचे रूबार्ब विकत घ्यायला आलेत! आता कोळशाच्या खाणीतले लोक आपल्याकडे कोळसा मागायला येतील."

जॉइस हसली. एव्हरिलला हसायची ताकद नव्हती. "तो आजारी आहे," ती म्हणाली. "आमचा या वर्षी आला नाही."

बाईचा चेहरा उतरला. तिने जुडी तिच्या हातातून घेतली, टेबलाखालून दुसरी काढली, पाहिली, ती ठेवून तिसरी काढली आणि कागदात गुंडाळून दिली. "ही न्या. ही आज पहाटेची आहे. माझ्या नवऱ्याने ओढलीय म्हणून सांगा त्याला. हात अजून तसाच चालतो म्हणावं."

तो निरोप सांगता येणार नव्हता. बसमध्ये ती जुडी मांडीवर घेऊन बसली आणि तीन थांबे पुढे गेली. चालत परत आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी डेनिसच्या डोळ्यांदेखत तिने रांजणाचं झाकण काढलं, वाकली आणि एप्रनखालून आणलेले चार देठ हातात धरून वर आली. पिळून ओढल्याचा झटका खांद्याला द्यायला ती विसरली नाही. आत येऊन पानं कापून टाकली, देठांचे तुकडे केले, साखर आणि संत्र्याची साल टाकून मंद आचेवर शिजवले. भांडं भरून गुलाबी रस सुटला. वाटीत थोडं कस्टर्ड घालून ती पलंगाजवळ आली, त्याच्या मानेखाली हात घातला आणि चमचा तोंडाशी नेला.

डेनिसने घोट तोंडात फिरवला. गिळला.

"शेडचा आहे," तो म्हणाला.

"काहीतरीच काय."

"शेडचा आहे, एव्हरिल. लवकरचा वाण. आपला व्हिक्टोरिया जातीचा आहे, त्याला मागून आंबट येतं, दाढेजवळ." त्याने दुसऱ्या चमच्यासाठी तोंड उघडलं. ती इतकी गोंधळली होती की तिने भरवला. "वाईट नाहीये. कोणी ओढलाय?"

"मी ओढला. आत्ता. तुझ्यासमोर."

"त्या रिकाम्या रांजणातून?"

एव्हरिलने वाटी टेबलावर ठेवली.

"साठ वर्षं मी या खिडकीत बसून चहा पितोय," डेनिस म्हणाला. दर चार शब्दांनंतर त्याला श्वास घ्यावा लागत होता, पण घाई नव्हती. "गड्ड्यावर रांजण असला की मागच्या भिंतीचा नळ दिसत नाही. रांजणाच्या आड जातो. या वेळी सात आठवडे नळ दिसतोय."

"पहिल्या दिवसापासून?"

"तू हात केलास ना, तेव्हापासून."

तिला आधी कळलंच नाही की आपल्याला राग आलाय. चमचा टेबलावर आपटला तेव्हा कळलं. "आणि रोज मला बाहेर पाठवत होतास? कान लाव म्हणून? या गुडघ्यांनी? बर्फ पडला त्या दिवशीसुद्धा पाठवलंस तू मला!"

"बर्फाच्या दिवशी तू तीनदा वाजला म्हणालीस."

"डेनिस!"

"मला वाटलं, एक दिवस कंटाळशील आणि सांगशील." त्याने मान उशीवर वळवली. "बाबांचा हट्ट तुझ्यात असा उतरलाय, हे मला ठाऊक नव्हतं."

ती खुर्चीत बसली. बसल्यावर तिच्या लक्षात आलं की सकाळपासून ती पहिल्यांदाच बसत होती. बाहेर दोरीवर चादर होती, ती ताठ झाली होती.

"मागच्या वर्षी मी झाकला होता," ती म्हणाली. "तू इस्पितळात असताना."

"माहितेय."

"तेही माहितेय?"

"मे महिन्यात पानं बशीएवढी होती. परातीएवढी असायला हवी होती. एकसुद्धा फुलाचा दांडा नाही. चव्वेचाळीस वर्षं मी काय तिथे बटणं शिवत होतो?"

"मग बोलला का नाहीस?"

"तू 'नाही' म्हणाली होतीस. आता बहीण नाही म्हणतेय, तर काय चौकशी बसवू?" त्याने डोळे मिटले, पुन्हा उघडले. "या वर्षी पाळी आली. म्हटलं, मागून बघू. झाकलास तर गड्डा जाईल, नाही झाकलास तर सांगावं लागेल. तू तिसरंच काढलंस."

एव्हरिल एप्रनच्या कडेने भेगांवर आलेलं रक्त पुसत राहिली.

"कसा होता?" डेनिसने विचारलं.

"काय?"

"मागच्या वर्षीचा. आपला. सांग की. मला तर मिळणार नाही आता."

तिने खिडकीबाहेर पाहिलं. सांगायचं नाही म्हणून वर्षभर जपलेली गोष्ट तिने मग साध्या आवाजात सांगितली. देठ बारीक नव्हते, पण फार जाडही नव्हते, तळाशी पांढरे. आल्याचा तुकडा टाकला होता. कस्टर्ड घट्ट केलं होतं, डेनिसला आवडत नाही तसं. टेबलावर बसायचीसुद्धा नाही; शेगडीपाशी उभ्यानेच, भांड्यातूनच खायची. रेडिओ मोठा लावायची. खिडकी उघडी टाकायची. एकदा जेवणात दुसरं काही केलंच नाही, नुसता रूबार्ब. एक दिवस इस्पितळात यायचं होतं तेव्हा तिने बस चुकली म्हणून फोन केला होता, ती चुकली नव्हती.

"तो मंगळवार होता," डेनिस म्हणाला.

"हो."

"मी पलीकडच्या म्हाताऱ्याला सांगितलं, आमच्याकडच्या बसचा काही भरवसा नाही." त्याच्या छातीतून खरखर आली. हसू होतं की खोकला, ते तिला ठरवता आलं नाही. "आंबट होता? दाढेजवळ?"

"होता."

"हं."

त्याने आणखी एक चमचा घेतला. तीन झाले. चौथ्याला ओठ मिटले.

"ट्रेव्हरला बोलाव," तो थोड्या वेळाने म्हणाला. "रांजण आत आणायला सांग. तुझ्याने उचलवणार नाही. आणि खिळा आण."

ट्रेव्हरने रांजण दोन्ही हातांनी पोटाशी धरून आणला, वर्तमानपत्र अंथरून पलंगाशेजारी आडवा केला आणि आतला माल बघायला वाकला. "रिकामा आहे," त्याने जाहीर केलं. मग तो चहा टाकायला गेला.

एव्हरिल गुडघ्यांवर बसली आणि आत डोकावली. लहानपणी तिला तिथे हात घालायची परवानगी नव्हती. काठाजवळून आकडे एकाखाली एक खाली गेले होते. वडिलांचे खोल आणि सरळ, डेनिसचे जरा तिरके. एकविसाच्या खाली मोकळी जागा होती.

"मागच्या वर्षीचा घाल."

"मी?"

"झाकला कोणी होता?"

भाजलेली माती तिला वाटली होती त्यापेक्षा कडक होती. दोनाला बराच वेळ लागला. तीन तिने तीनदा सुरू केला. खिळा घसरून बोटाला लागला. डेनिसने पलंगावरून हात खाली सोडला, आणि तिने त्याचं बोट धरून आकड्यावर ठेवलं. त्याने ते रेघेरेघेवरून फिरवलं.

"वाकडा आहे."

"माझा पहिलाच आहे."

"आता याच्यापुढे सव्वीस," तो म्हणाला. "मधे हात लावायचा नाही. कोणीही मागितला तरी."

"बरं."

"मी मागितला तरी."

तिने खिळा एप्रनच्या खिशात टाकला. सव्वीस म्हणजे मधे दोन उन्हाळे. तिने ते मनात मोजले आणि त्याच्याकडे पाहिलं नाही.

ट्रेव्हरने तीन कप चहा आणला. डेनिस तोवर झोपला होता. एव्हरिलने स्वतःचा चहा उभ्यानेच संपवला, कोट चढवला आणि बाहेर गेली. रांजण उचललेल्या जागी लिदीचं कडं तेवढं उरलं होतं, सात आठवडे कशालाच ऊब न देता पडलेलं. तिने फावडं घेतलं आणि ते खत एकेक फावडं उजवीकडे, गड्ड्याभोवती नेऊन टाकायला सुरुवात केली. अर्ध्यावर कंबर भरून आली तेव्हा ती थांबली. खिडकीच्या काचेवर आतून टकटक झाली, आधी एकदा, मग पुन्हा. तिने वळून पाहिलं. डेनिस जागा होता आणि बोटाने दाखवत होता: अजून थोडं उजवीकडे.